यादीतली चौथी गाडी

१

शेषराव मिस्त्रीला एक खोड होती. झाकलेलं काही दिसलं की त्याला ते उघडून पाहावंसं वाटे, आणि उघडं दिसलं की आत डोकवावंसं. त्याची बायको रुख्मिणी म्हणायची, की हा माणूस देवळात गेला तरी आधी घंटा कशावर टांगली आहे ते पाहतो, मग हात जोडतो. मलकापुरात भगवानरावांच्या मोटार वर्कशॉपमध्ये त्यानं एकोणीस वर्षं काढली, ती याच खोडीच्या जोरावर.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मुंबईहून पत्र आलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि भगवानरावांकडे एका मोटार कंपनीची एजन्सी होती. पत्र इंग्रजीत होतं. भगवानरावांनी चष्मा लावून ते आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं मराठीत सांगितलं. कंपनीनं दहा वर्षांपूर्वी काढलेल्या काही पिकप गाड्यांत स्टेअरिंगची पिन कच्च्या लोखंडाची पडली होती. ती चालत्या गाडीत मोडू शकते. मोडली, की चक्र ड्रायव्हरच्या हातात राहतं आणि चाकं आपल्या मर्जीनं जातात. सोबत गाड्यांच्या नंबरांची यादी आणि नव्या पिनांचं पार्सल होतं. गाड्या शोधा, परत बोलवा, नवी पिन फुकट बसवून द्या आणि मिस्त्रीच्या सहीचा फॉर्म पाठवा, असा हुकूम होता.

"कंपनी सोता म्हणते, आमची चूक झाली," भगवानराव म्हणाले. "जन्मात असं पत्र पाह्यलं नाही बापा."

शेषरावानं वर्कशॉपचं जुनं रजिस्टर काढलं आणि नंबर जुळवायला बसला. आपल्या भागातल्या चारच गाड्या निघाल्या. एक बीबी गावाला होती, दुसरी भंगारात गेली होती, तिसरी खामगावला होती. चौथी आधी एका ठेकेदाराला विकली होती आणि सहा वर्षांपूर्वी तिच्यावर दुसरं नाव चढलं होतं. ते नाव वाचून शेषरावाचं बोट तिथंच थांबलं. पुंजाजी, मुक्काम वडनेर भोलजी.

पुंजाजी म्हणजे त्याचे भाऊजी. सिंधूताईचा नवरा.

शेषराव चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. सिंधूताई तेव्हा बारा वर्षांची होती; तो तिला बाई म्हणायचा. तिनं त्याला कडेवर वाढवला, आपल्या ताटातला घास त्याच्या तोंडात घातला, आणि लग्न होऊन वडनेरला जाताना नवरीनं रडावं त्यापेक्षा जास्त ती या भावासाठी रडली. आज ती आठवड्यातून तीनदा त्या पिकपमध्ये बसून वांगी, मिरच्या घेऊन मलकापूरच्या बाजारात येत होती. शेषराव ताडकन उठला. त्यानं पार्सलातली एक पिन उचलली, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि मिळेल ती एस.टी. धरली.

गाडीत बसल्यावर मात्र त्याची खोड जागी झाली. सहा वर्षांत भाऊजींनी ती पिकप एकदाही वर्कशॉपला आणली नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं असेल, सख्ख्या साळ्याच्या हातावर विश्वास नसेल, असं समजून तो मनातल्या मनात रुसून होता. पण दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडे नेली म्हणावं, तर मलकापूर-नांदुऱ्यातले सगळे मिस्त्री त्याच्या ओळखीचे. कुणी कधी तसं बोललं नव्हतं. या रस्त्यांवर सहा वर्षं धावणारी गाडी, आणि तिला मिस्त्री लागतच नाही? असं कसं होईल?

२

"अरे शेषा! पत्र ना काही, असा अचानक काऊन आला? घरी सारे बरे हायेत ना?" सिंधूताई दारातच म्हणाली.

"सारे बरे हायेत, बाई. मी गाडी पाहाले आलो."

"गाडी पाहाले! मंग बहिणीले पाहाले कवा येशीन?"

पुंजाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. साठीला टेकलेला, सावकाश बोलणारा, कुणावर न चिडणारा माणूस. पत्राची हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "तिले काय झालं? चांगली चालते. तुमच्या कंपनीले लिहून द्या, आमची काही तक्रार नाही म्हणा."

पिकप गोठ्यात होती. पूर्वी तिथं बैलांची जोडी असायची. ती जोडी विकून भाऊजींनी ही गाडी घेतली होती, आणि बैल जसे उभे राहत तशीच ती उभी होती, तोंड गव्हाणीकडे करून, गव्हाणीला जवळजवळ टेकून. शेषरावानं बॉनेट उघडून नंबर पुसला. यादीशी जुळला. मग तो आत बसला आणि सहज म्हणून त्यानं स्टेअरिंगला हात लावला.

ते एका बोटानं फिरलं.

ज्यानं कधी उभी लॉरी वळवायचा प्रयत्न केला आहे त्याला यातली गंमत कळेल. उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला दोन्ही हात लागतात आणि वरून एखादी शिवी लागते. हे मात्र रिकाम्या घागरीवर झाकण फिरावं तसं गरगर फिरलं. शेषरावानं दारातून वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं. चाक जागचं हललं नव्हतं.

तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला. पिन मोडलेली होती. स्टेअरिंगकडून येणारा रॉड एकीकडे लोंबत होता आणि चाकांकडे जाणारा दांडा दुसरीकडे. त्याच्या तोंडून आधी "देवा" असं निघालं, कारण बाई काल याच गाडीत बसून आली असणार. मग त्यानं बॅटरीचा उजेड नीट जवळ नेला आणि त्याला कळेना की आपण काय पाहतो आहोत. मोडलेल्या दोन्ही तोंडांवर गंज होता. कालचा, महिन्याचा नव्हे, काळा पडलेला, पापुद्रे सुटलेला जुना गंज. आणि त्या दोन तोंडांच्या मधल्या जागेत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. घरही जुनं होतं. आतल्या अळ्या कधीच्या मोठ्या होऊन भोकं पाडून उडून गेल्या होत्या. रॉड गव्हाभर जरी हलला असता, तरी त्या मातीचा भुगा झाला असता.

"भाऊजी," त्यानं खालूनच विचारलं, "गाडी कवापासून उभी हाये?"

"उभी कायची? काल तं मलकापूरहून आली. चौदा पोते वांगे नेले होते."

३

जेवताना शेषरावानं भाऊजींना सरळ विचारलं. गाडी वळते कशी?

"वळते म्हणजे? वळाचं असते तिथं वळते."

"तुमी स्टेअरिंग फिरवता ना?"

पुंजाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि विचार केला. प्रश्न त्यांना नवा होता. "पहिले पहिले फिरवत होतो. ठेकेदाराच्या माणसानं शिकवलं होतं आठ दिवस. मले काही ते जमे ना. मंग त्याची गरज नाही राह्यली."

"त्याइले बैलगाडीची सवय," सिंधूताई वाढता वाढता म्हणाली. "बाजारातून निघाले का झोपतच. बैल बराबर घरी आणत. आता ही आणते."

"बैलाले रस्ता माहीत असते, बाई. हे लोखंड हाये."

"हाव, तं लोखंडाले काऊन माहीत नसावं? सहा वर्षं झाले, दर खेपेले तोच रस्ता."

शेषराव हसला, कारण बाईपुढे त्याला दुसरं काही सुचत नसे. पण मनात तो रस्ता मोजू लागला. गोठ्यातून सडकेला लागेपर्यंत तीन वळणं होती. एक मारुतीच्या पारापाशी, एक विहिरीपाशी, एक सडकेला चढताना. सरळ रस्त्यावर चाकं सरळ राहतील, समजा. पण तीन वळणं जाताना आणि तीन येताना, अशी सहा वर्षं? त्याचं डोकं सांगत होतं, की यात काहीतरी साधं कारण आहे आणि ते आपल्याला दिसत नाही. असं कारण दिसेपर्यंत त्याला झोप यायची नाही, हेही त्याला माहीत होतं.

"भाऊजी, मले एकदा बसवून नेता का? सडकेपर्यंत."

"चला ना. त्यात काय."

४

तिघं पुढच्या बाकावर बसली. सिंधूताई मधे, मांडीवर वालाच्या शेंगा भरलेलं सूप घेऊन, कारण रिकामं बसणं तिला माहीत नव्हतं. पुंजाजींनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि बैलाला म्हणावं तसं "हय्" म्हटलं. पिकप मागे सरली, गोठ्याबाहेर आली आणि चालू लागली.

पुंजाजींनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली.

"भाऊजी, हात!"

"कायचे हात?"

समोर मारुतीचा पार आला. शेषरावाचे पाय आपोआप ब्रेक शोधू लागले. पिकप पाराच्या अलीकडे जराशी बाहेर गेली, मग आत वळली, मागचं चाक ओट्याला घासू नये अशा बेतानं. ड्रायव्हर असा वळत नाही. गाडीवान वळतो. आणि या सगळ्या वेळात स्टेअरिंगचं चक्र जसंच्या तसं होतं. त्यावर भाऊजींचा पंचा वाळत घातलेला होता, तोसुद्धा हलला नाही.

शेषराव घाबरला का? घाबरला. पण त्याहून जास्त त्याला पाहायचं होतं. त्यानं दार धरून अंग बाहेर काढलं आणि पुढचं चाक पाहिलं. चाक मुकाट्यानं वळत होतं आणि सरळ होत होतं, कुणीतरी पुढून त्याला वाट दाखवावी तसं. विहिरीपाशी ते वळलं. सडकेच्या चढाला गाडी क्षणभर थांबली, दम घेतल्यासारखी, आणि मग चढली. समोरून कापसाची लॉरी आली, तर पिकप आपण होऊन कच्च्या बाजूला उतरून उभी राहिली. लॉरीचा धुरळा खाली बसेपर्यंत ती हलली नाही.

पुंजाजी घोरू लागले होते.

"झोपू दे त्याइले," सिंधूताई शेंग मोडत म्हणाली. "पहाटेचे उठले हायेत."

इंजिनाच्या आवाजाखाली शेषरावाला आणखी एक आवाज ऐकू येत होता. एक श्वास, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. रेडिएटरचं झाकण सैल असलं की वाफ अशीच सुटते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. परत आल्यावर त्यानं आधी झाकणच तपासलं. ते घट्ट होतं.

५

"बाई, मी पिन बसवतो," तो म्हणाला.

"चांगली चालते तं काऊन हात लावतो?"

"चांगली चालते हेच तं मले समजून नाही राह्यलं. जे समजत नाही त्याच्या भरवशावर मी तुले नाही पाठवणार. तुह्या जिवाले काही झालं तं मी कोणाकडं पाहू?" तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुंजाजी म्हणाले, बसवा, तुमचा हात हाये, आमचं नाही म्हणणं नाही.

दुपारी ती दोघं मळ्यात गेली. उद्याच्या बाजाराची वांगी तोडायची होती. मजूरही तिकडेच होते. घरात आणि गोठ्यात शेषराव एकटाच उरला. तो गाडीखाली शिरला आणि पाठीवर पडून कामाला लागला. कुंभारणीचं घर त्यानं पान्ह्यानं फोडलं. जुन्या पिनेचा बुडखा गंजून बसला होता. तो ठोकून काढण्यात अर्धा तास गेला.

गाडीखाली पडलेल्या माणसाला जग फार थोडं दिसतं. जमिनीपासून वीतभर उंचीची एक पट्टी, बस. घोट्याच्या वर माणूस नसतोच. पुढच्या बाजूच्या त्या पट्टीतून शेषरावाला उजेड येत होता. काम करता करता उजेड कमी झाला, म्हणून त्यानं मान वळवली.

बंपरच्या पुढं चार पाय उभे होते.

दोन माणसं, एकमेकांना खेटून, त्याच्याकडे टाचा करून. अनवाणी होती. टाचांना खोल भेगा, भेगांत माती. मळ्यातून दोन मजूर पाणी प्यायला आले असतील आणि सावलीला टेकले असतील, असं शेषरावाला वाटलं. तो आपल्या कामाला लागला. जरा वेळानं पाहिलं तर पाय तसेच. एका पायावरून दुसऱ्या पायावर भारही टाकत नव्हते. इतका वेळ निमूट उभे राहणारे मजूर त्यानं पाहिले नव्हते, आणि पिनेच्या तोंडाशी तर आता काही दिसेना.

"उजेड अडवू नका बापा," तो खालून म्हणाला. "डावीकडचा, तू सर बरं तिकडं."

काही झालं नाही. मग डावीकडच्या दोन पायांतला एक हळूच उचलला गेला आणि परत खाली टेकला. ज्याला कधी कुणी सुटी दिली नाही असा माणूस, खरंच सुटी दिली का, हे चाचपून पाहतो, तसं. पुन्हा उचलला. मग ते दोन पाय बाजूला झाले आणि गोठ्याच्या दारातून निघून गेले. पावलं फार जड वाजली. उजवीकडचे पाय तिथंच राहिले, पण त्यांची बोटं जमिनीत रुतली होती.

शेषरावानं पिन बसवली, वरून नट कसला. मोठ्या समाधानानं त्यानं हाक दिली, "भाऊ, त्या पिशवीतला फडका दे रे." तो सरपटत बाहेर आला. गोठ्यात कुणी नव्हतं.

त्यानं समोर पाहिलं. पिकप गव्हाणीला लागून उभी होती. बंपर आणि गव्हाण यांच्यामध्ये त्यानं हात घालून पाहिला. जेमतेम वीतभर जागा होती. त्यात मांजर उभं राहिलं असतं. दोन माणसं तिथं उभी राहूच शकत नव्हती.

खालून पाहिलं की अंतर फसवतं, असं तो स्वतःशी म्हणाला. दोनदा म्हणाला.

६

संध्याकाळी ती दोघं परत आल्यावर शेषरावानं पहिली गोष्ट विचारली, की मघाशी कोण मजूर आले होते.

"कोणीच नाही," सिंधूताई म्हणाली. "सारे माह्या डोळ्यासमोर होते."

त्यानं तो विषय तिथंच सोडला. गाडी तपासायची होती. या वेळी तो स्वतः चालवायला बसला. स्टेअरिंग जड होतं, असायला पाहिजे तसं जड, आणि त्या जडपणानं त्याला किती बरं वाटलं म्हणून सांगावं! फिरवलं की चाक फिरे, सोडलं की थांबे. ती दोघं शेजारी बसली. बाईला त्यानं नको म्हटलं होतं, पण तिनं ऐकलं नाही. तू चालवून राह्यला अन् मी नाही बसू? असं म्हणून ती चढलीच.

पारापर्यंत सगळं ठीक होतं. पार ओलांडल्यावर गाडी डावीकडे ओढू लागली.

शेषरावानं चक्र उजवीकडे दाबलं. ओढ वाढली. त्यानं दोन्ही हात लावले, मग खांदा लावला. एकोणीस वर्षांत त्याच्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या होत्या, पण चक्र असं कुणी हिसकलं नव्हतं. डावीकडे विहीर होती. कठडा नसलेली, तोंडाशी गवत वाढलेली. पुंजाजींनीही चक्र धरलं. दोन पुरुषांचं बळ एकीकडे आणि ती ओढ एकीकडे, आणि गाडी सावकाश, अगदी बैलाच्या चालीनं, विहिरीकडे निघाली. सिंधूताईनं "शेषा" म्हणून हाक मारली. लहानपणी तो विहिरीत वाकून पाहायचा तेव्हा मारायची तशीच. त्यानं सगळा जीव ब्रेकवर घातला.

पिकप थांबली. डावं चाक काठापासून दोन हातांवर होतं.

उतरून त्यानं खाली वाकून पाहिलं. पिन उत्तम बसली होती. चाकांत हवा होती, आस सरळ होता. त्याच्या विद्येप्रमाणे गाडीत काहीही दोष नव्हता. तो उभा राहिला तेव्हा पुंजाजी बंपरच्या पुढं गेले होते. उजव्या बाजूला हवेत खांद्याच्या उंचीवर त्यांनी हात ठेवला आणि थोपटल्यासारखा हलवला. मग डाव्या बाजूला हात नेला. तो तसाच खाली आला.

"शेषराव," ते म्हणाले, "खाली होता तवा तुमी कोणाले काही म्हटलं का?"

शेषरावानं सांगितलं. पाय दिसले, उजेड अडत होता, डावीकडच्याला सर म्हटलं. स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकताना त्याला अंगावर पाणी पडल्यासारखं झालं.

पुंजाजींनी रिकाम्या डाव्या बाजूकडे पाहिलं. "डावीकडचा लय ऐकणारा होता," ते म्हणाले.

गाडी घरी नेताना ते आत बसले नाहीत. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, डाव्या बाजूनं ते पायी चालले, पत्र्यावर हात ठेवून. ते तिथं चालत होते तोवर गाडी सरळ गेली. गोठ्यापर्यंत पोचेस्तोवर तो म्हातारा माणूस धापा टाकू लागला.

७

दिवेलागणीला शेषराव ओसरीवर बसला होता. शेवटच्या एस.टी.ला अजून घटकाभर वेळ होता. त्याचा डावा खांदा चक्राशी झुंजून सुजला होता, हात वर जात नव्हता. तोडलेली वांगी अंगणात पोत्यांत भरून ठेवली होती आणि ती उद्याच्या बाजारापलीकडे टिकणार नव्हती.

"उद्या मी चालवीन," तो म्हणाला. "सरळ करून देतो मी ती. आठ दिवसांत भाऊजीले शिकवतो."

"उद्या तुमी चालवसान. परवा?" पुंजाजी अंधारातून म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "एकटा ओढत नाही, शेषराव. एकटा राह्यला का तो जोडीले शोधत फिरते. गाडीत कोण बसलं ते त्याले माहीत नसते."

ते उठून झोपायला गेले. शेषरावाला तेच दिसत राहिलं, गवतानं झाकलेलं विहिरीचं तोंड आणि बाईची हाक. एक ना एक दिवस तो इथं नसेल, आणि बाई मात्र बसेल. तिला कुणी थांबवू शकत नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सिंधूताई वाटी घेऊन बाहेर आली. तूप कोमट केलं होतं, त्यात हळद कालवली होती. "दे इकडं खांदा. पाह्य कसा सुजला," ती म्हणाली आणि त्याच्यामागे बसून चोळू लागली. तिचा हात अजून तसाच होता, खरखरीत आणि ऊबदार. चाळीस वर्षांच्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

"जोडी इकली ना, त्या साली पोळा आला," ती चोळता चोळता सांगू लागली. "आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकाचे असतात, अन् खांदे कोणाचे शेकाचे? गोठ्यात बैलच नाही. तुहे भाऊजी रडाले लागले रे. बाईमाणसासारखे. मंग मीच म्हटलं, गाडी हाये तं गाडीले शेका. मी असंच तूप-हळद करून देलं. त्याइनं त्या गाडीच्या पुढं, जिथं बैल राह्यतात ना, तिथं उभं राहून हवेतच हात फिरवला. दोन खांद्यावर. अन् पोळ्याले बैलाले म्हणतात तसं म्हटलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"हाव," शेषराव म्हणाला.

"काय हाव?"

त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं की आपण बोललो. गोठ्यात कुणीतरी लांब श्वास सोडला. मग पाय हलवल्याचा आवाज आला, एका बाजूला सरून जागा करून द्यावी तसा.

खांद्यावरचा हात थांबला. सिंधूताईनं आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं, भावाच्या चमकणाऱ्या खांद्याकडे पाहिलं, आणि ती एकदम पदरानं तो खांदा पुसू लागली. जोरजोरानं, सोलून निघेल इतक्या जोरानं. "शेषा, ऊठ. घरी जाय. रुख्मिणी वाट पाहून राह्यली असंन. ऊठ ना रे! गाडी येऊन राह्यली."

सडकेवर एस.टी.चा हॉर्न वाजला. थांब्यावर ती मिनिटभर थांबली. घरघर ऐकू येत होती. शेषराव उठला नाही. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. चपला त्यानं कधी काढल्या ते त्याला आठवेना. टाचांना माती लागली होती.

एस.टी. निघून गेली. बाई रडत होती, आणि त्यानं उजव्या हातानं तिचे डोळे पुसले.

"रडू नको," तो म्हणाला. "सकाळी किती वाजता निघाचं, बाई?"